बेट पाहायला नेलेले काका

कुठलीही वस्तू हातात आली की काका आधी ती उलटी करून बघत. नेदरलँड्समधल्या लायडस्खेनडामला आमच्या शेजारी राहणाऱ्या आपल्या मुलाकडे ते नाशिकहून तीन महिन्यांसाठी आले होते. पहिल्या भेटीत पोहे संपल्यावर त्यांनी आमची बशीही उलटी करून पाहिली. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. त्याचा राग येत नाही, पण आपणच काहीतरी लपवतोय असं वाटू लागतं.

मी तर खरंच लपवत होतो. मुलाला नाशिकचा फ्लॅट विकून काकांना ज्येष्ठांच्या संकुलात ठेवायचं होतं. काका तुमचं ऐकतील, जरा कानावर घाला, अशी त्याने मला गळ घातली होती. म्हणून मी त्यांना सरोवरातलं एक राखीव बेट दाखवायला नेलं.

फेरीबोटवाल्याने चढताना हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. "ओळख ना पाळख, एवढं प्रेम कशाला?"

बेटावर लांब केसांच्या गाई मोकळ्या चरत होत्या. त्यांचं दूध कुणी काढत नाही, झाडोरा माजू नये म्हणून ठेवल्यात, असं मी सांगितलं.

"म्हणजे खाऊ घालायचं त्यांना आणि सोय आपली," काका म्हणाले. डोक्यावरून गरुड गेला, त्याच्यावर मात्र त्यांनी संशय घेतला नाही.

जुन्या वस्तीतलं एक शेतघर तिथे जपून ठेवलंय. ते दाखवणाऱ्या आजी त्याच घरात जन्मलेल्या. बेट पक्ष्यांसाठी राखायचं ठरलं तेव्हा सगळी शेतकरी कुटुंबं पलीकडे राहायला गेली, असं त्या सांगत होत्या. काकांनी मला विचारायला लावलं, स्वतःहून गेलात की घालवलं?

वडिलांनी सही केली, आजी म्हणाल्या. नवं घर उबदार होतं, पण वडील शेवटपर्यंत त्याला 'त्या लोकांचं घर' म्हणत.

बाहेर बाकावर बसल्यावर काकांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "आता तुमचं बोला. काय सांगायला पाठवलंय त्याने?"

मी सगळं सांगून टाकलं. संकुलाचं कौतुक करायचं ठरलं होतं, ते काही जमलं नाही.

"म्हणजे अजून विकला नाही?" काकांनी विचारलं. "मला वाटलं, विकूनच बोलावलंय मला."

व्हिसा संपायच्या आधीच ते परत गेले. फ्लॅट विकला गेला नाही. मुलगा आता जिन्यात भेटला की माझ्याशी फक्त हवेबद्दल बोलतो. मी काकांचं घर वाचवलं की बापलेकांत तेढ घातली, मला अजून ठरवता येत नाही.

परवा काकांनी दाराचा फोटो पाठवला. नवी पाटी लावलीय. जुन्या पाटीवर मुलाचंही नाव होतं, हिच्यावर फक्त त्यांचं आहे. मुलाला मी तो फोटो दाखवलेला नाही.