उतरलेले टायर

माझ्या मुलाने, ओइवाने, बायकोसाठी गाडी घेतली ती चाकाच्या मापावरून. रंग पाहिला नाही, इंजिन पाहिलं नाही. खाली वाकून बोटाने चाकाचे बोल्ट मोजले, टायरवरचा आकडा वाचला आणि दुकानदाराला म्हणाला, ही चालेल. इर्मेली, माझी सून, शेजारीच उभी होती. नवरा किती बारकाईने बघतोय म्हणून तिला कौतुकच वाटलं.

कारण थंडी आल्यावर कळलं. ओइवाच्या गाडीला दर सात हिवाळ्यांनी नवे खिळ्यांचे टायर यायचे, बर्फावर पकड राहावी म्हणून रबरात लोखंडी खिळे बसवलेले. त्याचे झिजलेले इर्मेलीच्या गाडीला लागायचे. तिच्याकडे पार टक्कल पडलं की ते होडीच्या धक्क्याला बांधायचे, होडी खरचटू नये म्हणून. थोरल्याचे कपडे धाकट्याच्या अंगावर उतरतात तसे आमच्या घरात टायर उतरत. मधली पायरी चुकू नये एवढ्यासाठी तिची गाडी त्याच्या गाडीच्या मापाची होती. तो हे सगळ्यांना अभिमानाने सांगायचा, आणि ऐकणारे त्याला हुशार म्हणायचे. मीही म्हटलं असेल.

इर्मेली दक्षिणेकडची, समुद्रकाठची. तिकडे अर्धा हिवाळा पावसातच जातो. फिनलंडच्या आमच्या या टोकाला ऑक्टोबरात जमीन गोठते ती मे महिन्यात सुटते. त्यामुळे गावात तिला कायम ‘पावसाची पोर’ म्हणत, लग्नाला वीस वर्षं झाली तरी. दिसायला लहानखुरी, बोलायला कमी, हात मात्र ऊबदार. हाताचं मी सांगू शकते, कारण ती नगरपालिकेची परिचारिका होती. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरी जायचं, गोळ्या द्यायच्या, इंजेक्शन टोचायचं, पायाच्या जखमा धुवायच्या. अकरा घरं, रोजचे ऐंशी किलोमीटर, सगळे जंगलातले रस्ते. गाडी तिची स्वतःची लागायची. गाडी चालेल तोवर नोकरी, असा तो मामला होता. आणि ती नोकरी तिला जीव की प्राण होती. कारण त्या अकरा घरांत तिला कोणी पावसाची पोर म्हणत नव्हतं. दारात वाट बघत बसायचे सगळे.

एका हिवाळ्यात ती घसरून खड्ड्यात गेली. लागलं नाही काही. ओइवाने ट्रॅक्टर नेऊन गाडी ओढून काढली. मग दुसऱ्या दिवशी पेट्रोल पंपावर, जिथे आमच्या गावचे पुरुष सकाळी नऊ वाजता कॉफीला जमतात, त्याने तिची नक्कल केली. डोळे मिटलेले, तोंड उघडं, हात स्टिअरिंगला घट्ट. इतकी छान जमली की नाताळच्या जेवणात पाहुण्यांसमोर पुन्हा करायला लावली. मीही हसले. हसू आलं म्हणून हसले. इर्मेली मासा वाढत होती. तिने प्रत्येकाच्या ताटात वाढला, ओइवाच्याही, आणि मग आपल्या जागेवर जाऊन बसली.

त्यानंतर तिने टायरचं मनावर घेतलं. कुठून कुठून वाचून काढलं. मला स्वयंपाकघरात बसून समजवायची, मी फारशी शिकलेली नाही तरी मला समजायचं. टायरच्या कडेला चार आकडे असतात, त्यात तो कुठल्या वर्षी आणि कुठल्या आठवड्यात बनला ते असतं. नक्षी कितीही खोल दिसो, रबर म्हातारं झालं की थंडीत लाकूड होतं. तिच्या गाडीचे टायर तेव्हा तेरा वर्षांचे होते. खिळे बरेचसे गळून त्यांची भोकं राहिली होती. तिने ओइवाला बाहेर नेऊन ते आकडे दाखवले. तो म्हणाला, टायर म्हणजे काय दूध आहे का, नासायला.

त्या शरद ऋतूत तिने सुट्टीच्या दिवशी जादा पाळ्या केल्या आणि टायर स्वतः निवडायला गेली. मला बरोबर नेलं, मला डोळ्यांचे थेंब आणायचे होते म्हणून. टायरवाला इल्मो, आमच्याच गावचा. त्याने आधी विचारलं, ओइवा कुठाय. ती म्हणाली, ओइवाच्या गाडीला नको आहेत. तेव्हा कुठे तो उठला.

तिला बिनखिळ्यांचे हवे होते, मऊ रबराचे. इल्मोने एकेक रॅकवरून उतरवला, तिने प्रत्येकाच्या रबरात नख रुतवून बघितलं, कडेचे आकडे वाचले. दोन परत पाठवले, मागच्या वर्षीचे होते म्हणून. इल्मो वैतागला, पण माणूस प्रामाणिक. त्याने स्पष्ट सांगितलं की जंगलातल्या दाबलेल्या बर्फावर हे झकास चालतील, पण बर्फावर पाऊस पडून काच झाली की यांना घाई चालत नाही. खिळेवाल्याला जे जमतं ते यांना जमत नाही.

“तुला घाई आहे का?” त्याने विचारलं.

“माझ्या अकरा माणसांना कुठे जायचंय,” इर्मेली म्हणाली.

चारही टायर त्याने दुसऱ्या रिमांवर बसवून तिथेच चढवले. जुने गाडीच्या मागे टाकून आम्ही घरी आलो. येताना ती वळण घेता घेता मधेच हसायची. वीस वर्षांत त्या घरात आलेली तिच्या निवडीची पहिली वस्तू होती ती. पडदेसुद्धा माझे होते.

ओइवाने गाडीभोवती एक चक्कर मारली. दात पाडलेला कुत्रा आणलास, म्हणाला. मला वाटलं, एवढ्यावर भागलं.

पुढचा रविवार. इर्मेली पहाटेची पाळी करून आली आणि जेवून झोपली. मी खिडकीशी बटाटे सोलत होते. बघते तर ओइवाने दोन्ही गाड्या अंगणात शेजारी शेजारी लावलेल्या. जॅक लावला, आणि आठही चाकं खोलली. तिचे नवे टायर आपल्या गाडीला चढवले. आपले सहा वर्षं वापरलेले शेडमध्ये ठेवले. आणि तिने काढलेले, ते तेरा वर्षांचे, पुन्हा तिच्या गाडीला. निदान आपले तरी तिला द्यायचे. पण ते त्याने दिले नाहीत. ते देणं म्हणजे बक्षीस झालं असतं ना.

तो कॉफीला आत आला तेव्हा मी विचारलं, हे काय. तो म्हणाला की या घरात नवे टायर आधी कोणाच्या गाडीला लागतात ते सगळ्यांना माहीत आहे, आणि ज्याला माहीत नाही त्याला कळलं पाहिजे. मी म्हटलं, पण तुला तर ते आवडतही नाहीत. तो म्हणाला, आवडीचा प्रश्न नाही. मी त्याला कॉफी ओतून दिली. बरोबर गोड पावही दिला.

सोमवारी सकाळी ती बाहेर गेली आणि लगेच परत आत आली. बूट न काढता. आमच्याकडे बूट घालून कोणी आत येत नाही, आग लागली तरी. ती ओइवासमोर उभी राहिली. तो काळ्या पावाला लोणी लावत होता.

“बदलून दे,” ती म्हणाली.

“संध्याकाळी बघू.”

“हेल्वीचं इंजेक्शन सात वाजता असतं.”

“मग उशीर करू नकोस.”

हेल्वी तिच्या अकरातली एक, साखरेची पेशंट, एकटी, आंधळी. इर्मेलीने घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी स्टोव्हकडे पाहिलं. ती गेली.

आठच्या सुमारास पाऊस आला. गोठलेल्या रस्त्यावर पाऊस म्हणजे काय ते आमच्याकडे पोरंसुद्धा जाणतात. शाळेची बस अशा दिवशी निघत नाही. पण ओइवा नऊच्या कॉफीला निघाला. चाळीस वर्षं तो खिळ्यांवर गाडी चालवत आला, त्याच्या पायाला तोच वेग माहीत. लाकडाच्या वखारीपाशी उतार आहे, तिथे त्याने नेहमीसारखी गाडी सोडली आणि ती त्याची राहिली नाही. सरळ खड्ड्यात गेली. त्याला खरचटलंसुद्धा नाही. दार ढकलून तो वर रस्त्यावर आला. समोरून गाडी येताना दिसली, ती नेमकी बायकोची.

तो रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला, दोन्ही हात पसरून. दुसऱ्या कोणाची गाडी असती तर कडेला उभा राहिला असता. पण घरची गाडी. ती थांबणारच.

तिने ब्रेक मारला, हे वखारीतल्या दोघांनी पाहिलं. चाकं थांबली, गाडी थांबली नाही. हळूच आली म्हणे, माणूस चालतो तेवढीच, पण येतच राहिली. ओइवाला बाजूला व्हायला वेळ होता. तो झाला नाही. ओरडत राहिला, हात पसरून. गाडीने त्याला रस्त्याकडेच्या लोखंडी कठड्याला टेकवलं आणि मग थांबली. दोन्ही पाय गेले, आणि कंबर.

तिनेच त्याच्या पायांना फळ्या बांधल्या, आपला कोट त्याच्या अंगाखाली सरकवला, अॅम्ब्युलन्सला फोन केला. वखारीतले लोक सांगतात की तो शुद्धीवर होता आणि शिव्या देत होता.

“ब्रेक कुठला ते माहीत नाही का तुला?” तो म्हणाला.

“मारला,” ती गाठ आवळत म्हणाली. “तुझे टायर माझं ऐकत नाहीत.”

पोलिसांनी टायर मोजले. कायद्याने तीन मिलिमीटर नक्षी लागते, तिच्या पुढच्या चाकांना दोनही नव्हती. खिळे चारही चाकांत मिळून अकरा. कायदा असा की गाडी चालवतो त्याने बघायचं. तरी पोलिसांनी चौकशी केली, टायर कोणी लावले, कधी लावले. यावर बरंच काही अवलंबून होतं. दवाखान्यात ओइवा म्हणाला, तिनेच लावले असतील, बायकांना टायरमधलं काय कळतं. मग एक पोलीस मुलगी आमच्या स्वयंपाकघरात आली, टेबलाशी बसली, वही उघडली. रविवारी दुपारी तुम्ही घरात होता ना, तिने विचारलं. इर्मेली दारात उभी होती.

मी म्हटलं, मी बटाटे सोलत होते.

मुलीने विचारलं, खिडकीतून काही दिसलं का. मी म्हटलं, माझ्या डोळ्यांत थेंब घालतात. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मुलीने वही मिटली. इर्मेलीने तिला कॉफी दिली, मलाही दिली, माझ्या कपात दोन खडे साखर घातली, मला लागते तेवढी. दुसरं कोणी असतं तर कप भिंतीवर फेकला असता. तसं झालं असतं तर मला सोपं गेलं असतं.

तिचं लायसन सहा महिने गेलं. अकरा घरं दुसऱ्या बाईला मिळाली. हेल्वीने नव्या बाईला दार उघडलं नाही म्हणतात, मार्चमध्ये ती वारली. ओइवा चाकाच्या खुर्चीवर घरी आला. नगरपालिकेने विचार केला, घरात परिचारिका रिकामी बसलीच आहे, तीच बघेल नवऱ्याला. त्यांनी तसा कागद पाठवला. म्हणजे आता इर्मेलीकडे एकच पेशंट. तोही असा, की पाठ पुसताना सांगायचा, हळू, तुझा हात घसरतो. पेट्रोल पंपावरची माणसं भेटायला आली की तो आता पसरलेल्या हातांची नक्कल करायचा, स्वतःचीच. हसवायचा. तिला कॉफी आणायला सांगायचा. मी त्या दिवसांत हसणं सोडलं होतं, पण उशीर झाला होता, कोणाच्या लक्षातही आलं नाही.

मे महिन्यात लायसन परत आलं. तिने उन्हाळाभर कोणाला काही सांगितलं नाही. सप्टेंबरात एका दक्षिणेच्या गावाहून पत्र आलं, तिकडच्या म्हाताऱ्यांसाठी परिचारिका हवी होती. गाडी स्वतःची हवी, असं त्यात होतं.

ओइवाच्या गाडीचे मऊ टायर तिने एका सकाळी स्वतः काढले. जॅक, पाना, सगळं अंगणात मांडून, त्याच्या खिडकीसमोर. तो आतून सांगत होता की बोल्ट उलटे फिरवतेस, पाना असा धरत नाहीत. चारही चाकं आपल्या गाडीला लावून झाल्यावर तिने प्रत्येक बोल्ट पुन्हा आवळला आणि मग एकदा पुन्हा.

मी बाहेर गेले. मला वाटत होतं, काहीतरी बोलावं. वर्षभर जुळवलेलं वाक्य होतं माझ्याकडे.

“इर्मेली, त्या पोलीस मुलीला मी...”

“आई,” ती म्हणाली, “गोळ्यांची यादी कपाटाच्या दारावर लावलीय. सकाळची जेवणाआधी. कूस दर तीन तासांनी बदलायची, नाहीतर पाठीला जखम होते. तो नको म्हणेल. ऐकायचं नाही.”

मी सत्त्याऐंशी वर्षांची आहे आणि ओइवा भरदार माणूस आहे, हे तिला माहीत होतं. मी म्हटलं, मला जमेल का गं. तिने हात पुसले, माझ्या शालीचं टोक नीट केलं. ते हात अजून ऊबदारच होते.

“नगरपालिकेची बाई येईल आठवड्यातून दोनदा,” ती म्हणाली. “रस्ते चांगले असले तर.”

मग ती गाडीत बसली. मी बर्फाचे पहिले कण पडत होते त्यात उभी राहिले, तिची गाडी वळणाआड जाईपर्यंत. आत आले तेव्हा ओइवा पलंगावरून मान वळवून विचारत होता, गेली का ती.

“गेली.”

“आवाज आला नाही.”

“त्या टायरांचा येत नाही,” मी म्हटलं, आणि बाह्या वर करून त्याची कूस बदलायला घेतली.