कमल सिस्टरच्या दोऱ्या

कमल सिस्टर गर्भार बाईच्या पोटावर दोरी लावताना स्वतःचाच श्वास रोखून धरायच्या. सत्तरच्या दशकात किन्हीराजा गावच्या दवाखान्यात त्या नर्स होत्या, मी कंपाउंडर. पोटातलं मूल दाखवणाऱ्या यंत्राचं नावही आम्ही ऐकलं नव्हतं. सिस्टर ओटीपोटापासून गर्भाशयाच्या वरच्या कडेपर्यंत प्रत्येकीची वेगळी सुती दोरी धरायच्या आणि दर महिन्याला तिथं गाठ मारायच्या. गाठ पुढं सरकली नाही, तर मूल वाढत नाही. बाळंतपणानंतर ती दोरी, नाव लिहिलेल्या चिठ्ठीसकट, भिंतीच्या खिळ्याला जायची. मग ते पोर बसलं कधी, चाललं कधी, किती आजारलं, हे बघत त्या वर्षानुवर्षं पायी हिंडायच्या.

"पोटात मांगं पडलेलं लेकरू पुढं कसं जगते, हे कोनी पुसतच नाही, भाऊ. मंग मीच पुसतो," सिस्टर म्हणायच्या.

त्या एकट्या राहायच्या. संध्याकाळी मला पोरांच्या हकिगती सांगायच्या. मी जांभई लपवायला खोकायचो, तर त्या खोकल्याचं औषध पाजायच्या.

एकदा जिल्ह्याचे साहेब येणार होते. त्यांना दोऱ्या दाखवायच्या, हे सिस्टरनी मनाशी ठरवलेलं. नेमकं सकाळीच वस्तीवरून बाळंतपणाचं बोलावणं आलं. सजावट माझ्याकडे होती. आंब्याच्या पानांच्या तोरणाला दोरी हवी होती; खिळ्याला ती भरपूर दिसली. चिठ्ठ्या मी उपटून चुलीत टाकल्या. सरकारी कामात टापटीप हवी ना!

साहेबांनी तोरणाचं कौतुक केलं. मी फुगलो. त्यांची जीप गेली आणि सिस्टर धापा टाकत आल्या. त्यांनी वर पाहिलं. तोरण उतरवून एकेक पान काढत बसल्या.

"आता कोनती दोरी कोनत्या लेकराची, सांगा मले."

पुढं त्यांची धनजला बदली झाली. निरोपाला एसटीपाशी मी एकटाच. आठवडाभर माफी घोकली होती. ऐनवेळी मी विचारलं, खिडकीची जागा मिळाली का?

त्या म्हणाल्या, "गंगीच्या पोरीची गाठ पोटातच अडली होती, तेवढी याद हाये. दीड वर्साची झाली, उभी नाही राह्यली. चालली का कार्ड लिवजा."

मी दर बाजाराच्या दिवशी गंगीकडे जायचो. दोन वर्षं उलटल्यावर पोरगी भिंत सोडून चालली. त्याच दिवशी कार्ड टाकलं. ते परत आलं: बाई बदलून गेल्या, पत्ता नाही. जिल्ह्याच्या कचेरीतही कुणाला ठाऊक नव्हतं.

पुढं ती पोरगी दवाखान्यासमोरून शाळेत पळत जायची. मी औषधं सोडून दारात यायचो. सांगायला कुणी नसायचं.