लोण्याचा वरचा गोळा

"घाई कुनाला हाय? लोन्याला न्हाई, मला बी न्हाई."

एवढं बोलून मास्तर उजवा हात पालथा करायचे, त्याच्यावर बोराएवढं लोणी ठेवायचे, डाव्या हाताच्या बोटानं गोल गोल चोळायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. भोवती आमचा धारूरचा आठवडी बाजार, नुसता कालवा. कोंबड्या ओरडतायत, मेथीवाली ओरडतेय, भोंग्यावर उंदराचं औषध ओरडतंय. आणि मधी हा वाळका माणूस असा उभा, जसं काय कोणी त्याच्या कानात गुपित सांगतंय.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हे, कापडाचे. टेलर मास्तर. त्यांचं शिलाईचं दुकान आणि माझं मोबाईल दुरुस्तीचं, मधी फक्त एक पत्रा. एकदा मी दिवाळीसाठी त्यांच्याकडं पँट टाकली. होळी आली.

"मास्तर, माझी पँट?"

"घाई कुनाला हाय?"

"मला हाय की!"

"मंग दुसरीकडं शिव."

दुसरीकडं शिवली. तिसऱ्या दिवशी पंगतीत मांडी घालून बसलो आणि मागून असा आवाज आला की वाढपी थांबला. मास्तरांकडं गेलो. त्यांनी मला एक टॉवेल दिला आणि सुईत दोरा ओवला.

मला आवाज काढायचा लई नाद. शाळेत असताना दाराआडून हेडसरांच्या आवाजात "सुट्टी!" म्हणून आख्खा वर्ग घरी पाठवला होता. मार मात्र हेडसरांच्या खऱ्या आवाजात खाल्ला. मास्तर तर माझे ठरलेले गिऱ्हाईक. हॉटेलात पोरं म्हणायची, "काढ बे मास्तर," की मी बशीतला बिस्किटाचा लगदा हातावर चोळून डोळे मिटायचो. पोरं टेबल बडवायची. मास्तरही कधी चहाला आले की बघायचे. ते म्हणायचे, "आवाज जमला. पर बोट लई जोरात फिरवतो तू."

एका बाजाराच्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. "हिकडं ये बे. हात दे."

माझ्या हातावर लोणी ठेवलं. "खरं लोनी हाताची ऊब लागली की इरघळतंय, नव्या नवरीवानी लाजून. मिसळ आसंल तर कन र्‍हातेत. हालत न्हाईत. जसा सासुरवाडीला येऊन बसलेला जावई." मग म्हणाले, "आता जिभंवर घे. चावू नगं. टाळूला मेनबत्तीवानी मेन बसलं का?"

"नाही."

"ग्येलं का?"

"गेलं."

"मागं काय र्‍हायलं?"

मी म्हणालो, "म्हैस."

मास्तर पोट धरून हसले. "म्हैस न्हाई बे, सरकी. ही म्हैस सरकी खाते, म्हनून लोनी आसं घट बसलंय. हिरव्या चाऱ्याचं आसतं तर मऊ पडलं आसतं." मग डब्यातून बाजरीची भाकर काढली, वरचा पोपडा उचलून आत लोण्याचा गोळा सारला, वर ठेचा ठेवला आणि माझ्या हातात दिली. पहिला घास घेतला आणि मी गप्प. पार शेवटच्या घासापर्यंत गप्प. आई म्हणते, जन्मल्यापासून मी एवढा वेळ गप्प बसल्याचं तिला आठवत नाही.

लोणी घ्यायला आलेली माणसं मास्तरांसाठी थांबायची. मास्तर चाखणार, मग ती घेणार, असा रिवाजच पडला होता. आणि गंमत बघा, ते कुणाचं लोणी खराब म्हणायचे नाहीत. शिळं निघालं की हळूच म्हणायचे, "मावशी, आज म्हशीचं मन न्हाई जनू." मावशीला कळायचं. ती डबा झाकून घ्यायची. कुणाचा पाणउतारा नाही, कुणाशी भांडण नाही.

जिजी भीमनगरच्या. दोन म्हशी, एक पितळी पातेलं आणि तिखट जीभ. पहिल्यांदा बाजारात बसल्या तेव्हा ताकात पोहणारे पांढरेशुभ्र गोळे दुपार टळली तरी तसेच. लोक वाकायचे, वास घ्यायचे, "कुठल्या तुमी?" विचारायचे आणि पुढं सरकायचे. आमच्याकडं असल्या गोष्टी कोणी बोलून दाखवत नाही. पुढं सरकतात.

त्या दिवशी मास्तर जिजींच्या पातेल्यासमोर थांबले. वरचा गोळा उचलला. चोळलं, चाखलं आणि त्या वाळक्या छातीतून एवढा मोठा आवाज काढला की मेथीवाली गप्प झाली. "एक नंबर!"

पुढच्या बाजारी जिजींचं पातेलं तासाभरात रिकामं. बागायतदाराच्या घरच्या काकू, ज्या रस्त्यानं चालताना पदरसुद्धा कुणाला लागू देत नाहीत, त्यासुद्धा डबा घेऊन रांगेत. मास्तरांच्या शब्दावर जिजींनी तिसरी म्हैस घेतली.

आता माझं पाप ऐका.

माझ्याकडं मास्तरांचं सगळं होतं. हसणं, खोकणं, गिऱ्हाइकाला टोलवणं. फक्त राग नव्हता. हा माणूस चिडतच नसे. मी ठरवलं, एकदा तरी ह्यांना चिडवायचं आणि तो आवाज उचलायचा. मी वनस्पती तुपाचं पाकीट आणलं, थंड ताकात मळलं आणि हुबेहूब लोण्याचा गोळा केला. बाजारात जिजींच्या मागच्या गर्दीत लपलो आणि मास्तरांच्या आवाजात हाक मारली, "जिजीऽ!" त्या वळून गर्दीत शोधायला लागल्या, तेवढ्यात बाजूनं पुढं होऊन माझा गोळा पातेल्यात सगळ्यात वर ठेवला. बेत असा की मास्तर चाखणार, भडकणार, आणि मी "मीच, मीच!" करत पुढं येणार. सगळे हसणार. विषय संपला.

मास्तर आले. काकू डबा घेऊन उभ्याच होत्या. त्यांची लेक बाळंतपणाला आली होती, लाडवांना तूप पाहिजे होतं. मास्तरांनी वरचा गोळा घेतला. चोळला. बोट फिरायचं थांबलं. परत फिरलं. जिभेवर ठेवलं, डोळे मिटले.

मी तयार. आता भडका.

मास्तरांनी डोळे उघडले. जिजींकडं बघितलं. मग काकूंकडं.

"एक नंबर," मास्तर म्हणाले.

मी गार! तुमीच सांगा, वनस्पतीला एक नंबर? ज्या माणसाला म्हशीनं काय खाल्लं ते कळतं, त्याला पाकीट कळलं नाही? पुढं होऊन "मीच" म्हणायचं होतं, पण एक नंबर ऐकून तेच विसरलो. तोवर काकूंनी डबा पुढं केला.

"काकू, माफ करा," मास्तर म्हणाले. "आजचं सगळं पातेलं म्या सांगून ठिवलंय."

"सगळं? एकटा जीव तुमचा. एवढं लोणी खाऊन पैलवान व्हनार का?"

"व्हतो की. जागा लई हाय आंगात."

लोक हसले. जिजींना काहीच कळेना. मास्तर पातेलं उचलून निघाले.

मी मात्र आतून उड्या मारायला लागलो. मास्तर फेल! नाही चिडले तर नाही चिडले, ह्याहून मोठा माल हाती लागला होता. संध्याकाळी हॉटेलात काय काय करून दाखवायचं ते ठरवतच मी त्यांच्या दुकानात घुसलो.

मास्तर मशिनीपुढं बसलेले. पातेलं पायाशी. माझा गोळा तेवढा वेगळा, वर्तमानपत्रावर.

"दार लाव," ते म्हणाले.

मी लावलं.

"वनस्पती हाय. हातावर कन र्‍हायले, टाळूला मेन बसलं. लगीच कळलं मला." त्यांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. फाटलेल्या कापडासारखा. "कावून केलं आसंल रं तिनं? म्हशीचं काय झालं? घरात काय झालं? एवढं चांगलं चाललं व्हतं तिचं. तिथं त्वांडातून काढलं आसतं तर काकूनं भर बाजारात तिला उभी चिरली आसती. परत त्या वळीत कुनी थांबलं नसतं. म्हनून खोटं बोललो. आता कोन्या त्वांडानं लोकांला सांगू, हे चांगलं, ते वाईट?"

माझ्याकडं चाळीस माणसांचे आवाज. त्या वेळी एक पण निघेना.

"मास्तर... तो गोळा जिजींनी नाही केला."

"मंग?"

"मी केला. मी ठेवला. तुमी चिडता कसे ते बघायचं होतं."

मला वाटलं, आता कात्री येते अंगावर. मास्तर माझ्याकडं बघत राहिले आणि तुमाला खोटं वाटेल, पण त्यांचा चेहरा उजळला.

"म्हंजी तिनं न्हाई केलं?"

"नाही."

"न्हाई ना?"

"आईशपथ नाही."

"बरं झालं," असं तीनदा म्हणाले. मग उठले, चप्पल घातली. "चल. माफी मागाय."

जिजी घराकडं निघायच्या बेतात होत्या. मी मान खाली घालून सगळं सांगितलं. त्या माझ्याकडं बघून एवढंच म्हणाल्या, "हाक मारनारा तू व्हतास व्हय. मला वाटलं, मास्तरच बलावतेत." ती चपराक अजून गालावर हाय.

मास्तर हात जोडून म्हणाले, "जिजी, म्या तुज्यावर शक घेतला. चुकलो."

मला वाटलं, जिजी म्हणतील, जाऊ द्या मास्तर, तुमी तर मला वाचवायला गेलतात. मास्तरांनाही तसंच वाटलं असणार.

जिजींनी चुंबळ खाली ठेवली.

"शक आला त्याचं मला काय न्हाई, मास्तर. मानूस हाय, येतो. पर मला इचारलं कावून न्हाई? दुसऱ्या बायांला म्हनता, म्हशीचं मन न्हाई. मला तेवढं बी न्हाई. गप झाकून टाकलं. म्हंजी मनात धरलंच, हिनंच केलं."

"तुजं नाव जाईल म्हनून..."

"माजं नाव कशानं जाईल? म्या काय केलंय?"

मास्तरांचे हात तसेच जोडलेले राहिले.

"काकूच्या घरचं लोनी आसतं आन त्यात आसं निघालं आसतं, तर म्हनले आसते, काकू, कुनीतरी खोडी केली बगा. खरं सांगा. म्हनले आसते का न्हाई?"

मी त्यांच्याकडं बघितलं आणि हादरलो. हा माणूस उभ्या उभ्या म्हातारा झाला होता. कारण उत्तर त्यांना ठाऊक होतं. आता मला पण.

पुढच्या बाजारी मास्तर जिजींच्या पातेल्यासमोर उभे राहिले आणि हात पालथा करायच्या ऐवजी वर केला. "आयका. मागच्या बाजारी ह्या पातेल्यात वनस्पती व्हती. ती ह्या मोबाईलवाल्यानं ठिवली." सगळ्या बाजाराची मान माझ्याकडं वळली. "ते मला कळलं, तरी म्या एक नंबर म्हनलो. खोटं बोललो. आन जिजीला न इचारता तिला चोर ठरवलं. ती चूक माजी एकट्याची. आता म्या कुनासाठी चाखनार न्हाई. तुमच्या बी त्वांडात जीभ हाय."

मेथीवालीच्या हातातली जुडी खाली पडली. काकूंचा चेहरा पांढरा फटक. "म्हंजी आमच्या बाळंतिनीला..."

"तुमाला जाऊ नये म्हनूनच सगळं उचललं, काकू."

काकू आता पुढं सरकतील असं वाटलं. मग पदर खोचून खाली बसल्या, स्वतःच्या बोटानं लोणी घेऊन हातावर चोळायला लागल्या. लई जोरात फिरवत होत्या बोट. मास्तरांनी तोंड दुसरीकडं केलं.

त्यानंतर महिनाभर आमच्या बाजाराची काय दशा झाली म्हणता! जो तो हातावर लोणी चोळत उभा. कुणाला सरकी लागायची, कुणाला नुसताच आपल्या हाताचा घाम.

मास्तर मात्र जिजींसमोर डबा धरायचे आणि विचारायचे, "जिजी, कसं हाय आज?" पहिले काही बाजार जिजी नुसतं "हाय" म्हणायच्या आणि गोळा टाकायच्या. मास्तर बोट न लावता झाकण लावायचे. हळूहळू जिजी बोलायला लागल्या. म्हैस गाभण हाय, चारा बदललाय. मास्तर खाली बसून ऐकायचे. तो हात पालथा झालेला मी परत बघितला नाही, आणि मीही हॉटेलात मास्तर काढायचे बंद केले.

मग त्यांना सुईत दोरा ओवता येईना. लेक येऊन त्यांना लातूरला घेऊन गेली. पलीकडच्या दुकानात आता चार्जर विकतात. म्हणजे मलाच टक्कर.

गेल्या महिन्यात जिजी माझ्या दुकानात आल्या. "मास्तरला फोन लाव."

लावला, स्पीकरवर ठेवला. ख्यालीखुशाली झाली. मग जिजींनी विचारलं, "मास्तर, तिकडं लोनी कुनाकून घेता?"

पलीकडून बारीक आवाज आला. "पाकिटातलं आनते लेक."

"पाकिटातलं?" जिजी एवढ्यानं ओरडल्या की माझ्या हातातला स्क्रू काउंटरखाली गेला. त्यांनी छातीवर हात ठेवला, फोनकडं असं बघितलं जसं काय त्यातून कुणी मेल्याची खबर आलीय, आणि न बोलता तरातरा निघून गेल्या. पलीकडं मास्तर "हालो, हालो" करत राहिले.

तासाभरानं मी स्टँडवर गेलतो, तर लातूरच्या गाडीपाशी जिजी. हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेला डबा. ड्रायव्हर तो आपल्या शेजारी ठेवत होता आणि जिजी खिडकीला धरून त्याला बजावत होत्या.

"उन्हात ठिवू नगा. लातूरच्या स्टँडवर मास्तरची लेक येईल, निरोप दिलाय तिला, तिच्याच हातात द्या. आन मास्तरला सांगाय सांगा, आज वाईच आंबट झालंय. ताक घुसळाय मला उशीर झाला."

ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, आंबट हाय ते कशाला सांगायचं?"

"सांगा म्हनलं ना," जिजी म्हणाल्या, आणि गाडी हलेपर्यंत त्यांनी खिडकी सोडली नाही.