रिकाम्या वाफ्याला पाणी

कुणाच्याही मळ्यात गेले की आप्पा आधी एक रोप उपटत. मालकाला विचारण्याची पद्धत त्यांच्याकडे नव्हती. मुळं झटकायची, बोटांनी चाचपायची आणि म्हणायचं, "पाला काय बघता? वरून समदेच राजे." शाळेच्या परसातलं माझं वांग्याचं रोप असंच गेलं. मूळ निरोगी निघालं, तर मलाच म्हणाले, "चांगलं हाय की, गुरुजी."

लातूरकडच्या मुरुडजवळ, आमच्या गावात त्यांचा मळा शाळेला लागूनच होता. तुम्हीही असा हट्टी शेजारी पाहिला असेल. त्यांची गाजरं लागोपाठ दोन वर्षं गाठाळ आणि फाटे फुटलेली निघाली, बाजारात कुणी हात लावीना. मातीत सूत्रकृमी होते, डोळ्यांना न दिसणारे, मुळात शिरून गाठी करणारे किडे. निंबोळ्या कुटून मातीत मिसळायच्या आणि पेरणीआधी दोन-तीन आठवडे वाफा ओला ठेवून त्या कुजू द्यायच्या, असं आप्पांनी ठरवलं.

नेमका दुष्काळ पडला. लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. लोक म्हणत, "जिल्हा मिळाला, पाणी उस्मानाबादलाच राहिलं." आप्पांची विहीर तळाला गेलेली आणि हे रिकाम्या वाफ्याला पाणी देत बसलेले. गाव हसायचं. त्यांच्या बायको, आमच्या काकू, भडकत.

"माणसं तहानली अन् तुमी मातीला पाजत बसलाव."

"आधी तिचं दुखणं जाऊ द्या," आप्पा म्हणत.

मग गावचा हापसा आटला. त्याच सकाळी आप्पांनी वाफ्याकडे जाणारा पाट बुजवला आणि बायांना विहिरीवर बोलावलं. गाजर त्या वर्षी पेरलंच नाही.

पुढच्या वर्षी पावसाच्या तोंडाला त्याच बायांनी निंबोळ्या वेचून त्यांच्या ओट्यावर आणून ओतल्या. आप्पा नको-नको म्हणाले आणि लगेच वाळत घालायला बसले. दसऱ्याच्या सुमारास वाफ्यात निंबोळ्या कुजवल्या, मग गाजर पेरलं. थंडीत, काढणीच्या आधीच, छातीत कळ येऊन ते गेले.

काही दिवसांनी काकू शाळेत आल्या. पदरातली गाजरं माझ्या टेबलावर ठेवली. सगळी सरळ होती.

"एकबी गाठ न्हाई, गुरुजी," त्या म्हणाल्या. "घरात सांगायला कुणी न्हाई, म्हणून तुमाला सांगाया आले."