पद्मिनीअक्कांनी पुन्हा केलेली मोजणी

एग्मोर स्टेशनवर गाडीची वाट पाहत उभी होते, तेव्हा पद्मिनीअक्कांच्या भावाचा फोन आला. "अक्का सकाळी गेली..." एवढंच तो बोलला. मी गाडी सोडून दिली आणि घरी परतले.

नागपूरहून चेन्नईला नोकरीवर आले, तेव्हा ऑफिसात माझ्याशी मराठीत बोलणाऱ्या त्या एकट्याच. त्यांचं घराणं तंजावरचं, मराठीला तमिळचा हेल. एन्नोरच्या किनाऱ्यावर आमचं रडार होतं. ते आडव्या आणि उभ्या अशा दोन प्रकारच्या लहरी सोडी आणि परतलेल्या लहरींमधल्या फरकावरून समोरच्या वस्तूचा आकार कळे. मासेमारीच्या लहान होड्या लाटांमधून वेगळ्या ओळखता याव्यात, हा अक्कांच्या प्रबंधाचा विषय. पन्नाशीत पीएच.डी. करत होत्या. त्यांच्या म्हाताऱ्या अम्मांनी जॉर्ज टाउनमधल्या सगळ्या गल्लीला ते सांगून ठेवलं होतं.

प्रबंध बांधायला जायच्या आठवड्यात अक्कांनी खांबावर धातूचा गोळा टांगायला लावला. गोळा कुठूनही सारखाच दिसतो, त्यामुळे दोन्ही लहरींचे आकडे जुळायला हवेत. ते जुळले नाहीत. खाऱ्या हवेनं एका केबलच्या जोडणीत गंज धरला होता. तो कधीपासूनचा, हे सांगता येईना; म्हणजे वर्षभराच्या कुठल्याच मोजणीचा भरवसा उरला नाही.

"फरक थोडासाच आहे, परीक्षकांच्या लक्षातही येणार नाही," साहेब म्हणाले.

अक्का माझ्याकडे वळल्या. "सेरी, बरं, सुनीता. पुन्हा करूं. त्या होड्यांत माणसं असतात की."

पुन्हा करायला दोन पावसाळे गेले. जोडणी बदलली, आणि आता प्रत्येक मोजणीच्या आधी गोळा टांगायचा, असा त्यांनी नियमच केला. त्याच काळात अम्मा वारल्या. तेराव्यानंतर अक्का एन्नोरला आल्या आणि आधी गोळा टांगायला लावला. मग दिवसभर काम केलं.

पदवी मिळाली तेव्हा मी सुट्टीवर नागपुरात होते. तो दिवस कसा गेला, हे मला परवा त्यांच्या भावाला भेटायला घरी गेले तेव्हा कळलं. अम्मांची खोली अजून तशीच आहे. वेताची खुर्ची, उशाशी चष्मा. भावानं दार उघडून धरलं.

"समारंभाहून आली ती थेट इथं," तो म्हणाला. "चपलासुद्धा काढल्या नाहीत. या खुर्चीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, 'उशीर झाला, अम्मा. पण आतां बरोबर आहे.'"