भानुदासच्या नऊ बॅटऱ्या

फोन आला तेव्हा मी बोलत होतो. यात नवल काही नाही. मी झोपेतही बोलतो असं माझी बायको सांगते, आणि तिच्या सांगण्यात निम्मीच अतिशयोक्ती असते. पिंपळीच्या फाट्यावरच्या हॉटेलात दहा-बारा माणसं माझ्याभोवती बसली होती. एरवी मी बाराशे लिहिली असती, पण आज नको. गोष्ट शेवटाला आली होती आणि खिशात फोन थरथरत होता. मी तो दोनदा बंद केला. तिसऱ्यांदा उचलला आणि पलीकडच्याला म्हणालो, "थांब रे, एवढा शेवट सांगू दे." शेवट सांगितला. माणसं हसून लवंडली, एकाच्या तर नाकातून चहा आला. मग मी फोन कानाला लावला... आणि भानुदास गेल्याचं ऐकलं. इंदापूरच्या अलीकडं, दिवस मावळल्यावर, रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर त्याची मोटरसायकल मागून धडकली होती. ट्रॉलीला मागं दिवा नव्हता. माझ्याभोवतीची माणसं अजून हसतच होती.

त्याला आता सहा आठवडे झाले. तेराव्याची जेवणं उरकल्यावर शालनवहिनींनी, भानुदासच्या बायकोनं, मला आतल्या खोलीत बोलावलं आणि कॅमेऱ्याची बॅग पुढं ठेवली. बॅटऱ्यांच्या कप्प्यातून त्यांनी डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली काढली आणि बारीक घडी घातलेले डॉक्टरचे कागद. कागद त्यांना मुलीनं वाचून दाखवले होते. काचबिंदू, दोन्ही डोळे. कडेचं दिसणं बरंचसं गेलेलं, अंधूक उजेडात फारच कमी दिसणार, ऊन उतरल्यावर गाडी चालवायची नाही, असं स्पष्ट लिहिलेलं. कागद दोन वर्षांपूर्वीचे. "मला एका शब्दानं बोलले न्हाईत," वहिनी म्हणाल्या. "भाऊजी, तुमी रोज संगं व्हता. तुमाला म्हाईत व्हतं का?" बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत मला कुणी बोलण्यात गाठलेलं नाही. मी म्हणालो, "नाही." त्या एका शब्दाचं काय करायचं, यासाठी मी हे लिहायला बसलोय. पेपरच्या रविवारच्या पुरवणीवाल्यांनी सांगितलंय की मित्राच्या चार गमतीजमती लिहा. त्या माझ्याकडं पोतंभर आहेत. अडचण एवढीच की त्यातली एकेक बाहेर काढतो आणि ती आता गमतीची निघतच नाही.

आम्ही दोघं लग्नं करायचो. नवरा-नवरी दर वेळी नवी, आम्ही दोघं तेच, वीस वर्षं. तो फोटो काढायचा आणि मी माईकवर वऱ्हाडी मंडळींना बसा, उठा, आहेर आणू नका, आणलाच असेल तर इकडं द्या, असं सांगत घसा फोडायचो. आमच्याकडं लग्नं बरीचशी गोरज मुहूर्तावर लागतात. दिवस कलतो, गुरं घरी येतात, आणि नेमका फोटोग्राफरच्या जिवावर उठणारा उजेड पडतो, धड ऊन नाही, धड दिवे नाहीत. त्या उजेडात भानुदास राजा होता. त्याचा जुना डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा, बारा वर्षांत असा घासला होता की मुठीचं रबर त्यानं पंक्चर काढायच्या सोल्यूशननं चिकटवलं होतं. खटका दाबला की आतला आरसा असा आपटायचा की तीन वावरांपलीकडची म्हैस पान्हा चोरायची. हे मी एकदा मोरगावच्या पाहुण्यांना सांगितलं तर त्यातला एक तात्या गंभीरपणे म्हणाला, "तरीच आमची शेळी आटली." नव्या मिररलेस, म्हणजे बिनआरशाच्या, कॅमेरेवाल्या पोरांना भानुदास नावं ठेवायचा. "त्येच्यात डोळा लावला की काय दिसतं? टीव्ही. आरशातनं खरी नवरी दिसती, बापू. खरी."

आणि मग दोन वर्षांपूर्वी आम्ही पुण्याला एक लेन्स दुरुस्तीला द्यायला गेलो. दुकानदारानं सहज म्हणून एक मिररलेस त्याच्या हातात दिला. भानुदासनं डोळा लावला. मग तसाच दुकानाबाहेरच्या जिन्यात गेला. जिना असा काळोखा की तिथं दिवसाही वटवाघळं भाडं भरून राहत असावीत. तो कॅमेरा डोळ्याला लावायचा, पायऱ्या बघायचा, काढायचा, पायऱ्या बघायचा, परत लावायचा. दहा वेळा, पंधरा वेळा. दुकानदाराला वाटलं गिऱ्हाईक कॅमेरा घेऊन पळतंय. मला वाटलं भाव पाडायची ही खास बारामतीची तऱ्हा. शेवटी तो म्हणाला, "ह्येच्यात अंधारातबी पायऱ्या दिसत्यात, बापू." जुन्या कॅमेऱ्याच्या आरशातून बाहेर असेल तेवढाच उजेड दिसतो, हा नवा आतल्या छोट्या पडद्यावर तो वाढवून दाखवतो, एवढं मला तेव्हाही समजलं. फोटो काढणाऱ्याला पायऱ्या कशाला बघायच्यात, हे मात्र विचारावंसं वाटलं नाही. त्यानं तिथंच जुना कॅमेरा बदल्यात दिला, पट्ट्यासकट, मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. आणि मी परतीच्या एसटीतच गोष्ट तयार केली: भानुदासनं पुण्यात एक जिना पसंत केला, त्यावर कॅमेरा फुकट मिळाला.

नव्या कॅमेऱ्यानं आवाज न करता फोटो निघायचा. आमच्याकडची म्हातारी माणसं फोटोला श्वास धरून उभी राहतात आणि खटका ऐकला की सोडतात. इंदापूरकडच्या एका लग्नात नवरीची आजी अशी श्वास धरून राहिली की तिनं तो सोडेपर्यंत नातीचं बाळ रांगायला लागलं असतं. शेवटी तीच डोळे वटारून म्हणाली, "काढतूयस का न्हाईस रं?" भानुदासनं तोवर तिचे सात फोटो काढलेही होते. त्या दिवसापासून तो प्रत्येक फोटोनंतर तोंडानं म्हणायचा, "खटाक्!" पाहुणे हसायचे, श्वास सोडायचे.

बॅटऱ्यांचंही तसंच. मिररलेस बॅटरी जास्त खातो हे खरं, पण दुसरे फोटोग्राफर तीन बॅटऱ्यांत लग्न काढतात. भानुदासला नऊ लागायच्या. पँटचे खिसे असे फुगलेले की बसताना तो कोंबडीसारखा जागा करून बसायचा. मी माईकवरून सांगायचो, "आमच्या कॅमेऱ्याला जंत झालेत, कुणाकडं औषध असेल तर स्टेजवर यावं." खरी गोष्ट अशी की तो कॅमेरा बंदच करत नव्हता. मांडवातून चालताना कॅमेरा डोळ्याला, स्टेजची पायरी चढताना डोळ्याला. एकदा जेवायला आला तो कॅमेरा डोळ्याला लावूनच. तसाच पंगतीत शिरला, जागा शोधून बसला, आणि वाटी कुठं, मीठ कुठं, तेही कॅमेऱ्यातून बघून घेतलं. ही माझी सगळ्यात गाजलेली गोष्ट. "आमचा भानुदास घाससुद्धा फोकस करून खातो." सोमेश्वरनगरपासून उजनीच्या काठापर्यंत माणसं ही गोष्ट मला पुन्हा सांगायला लावायची. कडेनं कुणी हाक मारत आलं तर तो बघायचा नाही, म्हणून सोयरेधायरे म्हणायला लागले, नवा कॅमेरा घेतला आन गडी शिष्ट झाला. तेही मी गोष्टीत घालून घेतलं. चांगलं बसलं.

मला कळलं ते उजनीच्या पाण्यावर. म्हणजे, मला कळलं होतं... हे वाक्य लिहायला सहा आठवडे लागले.

गेल्या वर्षी एका जोडप्याचे लग्नाआधीचे फोटो काढायला आम्ही होडीतून गेलो होतो. नावाडी ओरडला, "डावीकडं बघा, रोहित उठलं!" पाचशे तरी फ्लेमिंगो पक्षी असतील, आणि ही माझी पाचशे नव्हे, खरी पाचशे. सगळं आभाळ गुलाबी झालं. भानुदास मान वळवून बघत होता, पण बघत होता ते रिकाम्या पाण्याकडं. मग त्यानं कॅमेरा उचलला, सावकाश फिरवला. कॅमेऱ्यानं पक्ष्याचा डोळा आपोआप हेरला आणि त्यानं असा फोटो काढला की त्या जोडप्यानं तो भिंतभर लावलाय. काठावर आल्यावर नावाड्यानं चहा आणला. मी भानुदासच्या उजव्या कोपराशी पेला धरला. तो समोर बघत राहिला. मी पेला पुढं आणला, त्यानं हात पुढं केला. मी पेला परत कडेला नेला. त्याचा हात हवेतच राहिला... मी हे दोनदा केलं. दोनदा. मग पेला त्याच्या हातात दिला आणि नावाड्याला कसलीशी फाजील गोष्ट सांगायला लागलो. नावाडी होडी बांधायला गेला तेव्हा भानुदास हळूच म्हणाला, "ही गोष्ट कुणाला सांगू नगंस, बापू."

"कुठली रं?"

"आत्ता तुला सुचली ती."

मी म्हणालो, "आपुन कवा कुणाचं सांगतो?" तो इतका हसला की चहा सांडला. पुढं आम्ही त्यावर एक अक्षर बोललो नाही. फक्त त्यानंतर गाडी नेहमी मीच चालवायला लागलो, आणि तो न विचारता मागं बसायला लागला. डॉक्टरकडं चल, असं मी म्हणालो नाही, कारण तो जाऊन आलाय हे मला दिसत होतं. काम सोड म्हणालो नाही. वहिनींना सांगितलं नाही. तो थांबला असता तर मी कुणाबरोबर हिंडलो असतो? माझ्या गोष्टी कुणावर झाल्या असत्या? सगळ्या जन्मात मी एकच गोष्ट पोटात ठेवली, आणि सांगायची होती ती तीच.

तो गेला त्या दिवशी मी सोमेश्वरनगरहून माझ्या गाडीवर आलो, तो बारामतीहून त्याच्या. पिंपळीला त्याची गाडी ठेवायची आणि माझ्या मागं बसून इंदापूरच्या लग्नाला जायचं, असं ठरलेलं. तो आला तेव्हा मी रंगात होतो. त्यानं एक चहा घेतला, दुसरा घेतला. दारात उभा राहून म्हणाला, "बापू, ऊन हाय तवर निघू."

"बस की. आपल्याबिगर मुहूर्त लागतूय व्हय?"

"निघू की रं," तो परत म्हणाला.

पंगतीची गोष्ट चालली होती. तो समोर असला की ती दुप्पट रंगायची. माणसं त्याच्याकडं बघून हसायची, आणि तोही हसायचा. त्या दिवशीही हसला. मी म्हणालो, "तू हो पुढं. गाठतोच तुला रस्त्यात." त्या क्षणी मला त्याच्या डोळ्यांची आठवण झाली नाही, असं लिहिलं तर कोण खोटं पाडणार आहे? पण झाली होती. मी बाहेर बघितलं, ऊन होतं, म्हटलं पोचेल. पाचच मिनिटांची गोष्ट. मग कुणीतरी म्हणालं, बापू, ती आजीची होऊन जाऊ द्या. मग आजीची झाली. मग जिन्याची. भानुदास निघून गेल्यावर मी तासभर भानुदासच्याच गोष्टी सांगत बसलो होतो.

वहिनी, ही पुरवणी रविवारी तुमच्या घरी येते. मला माहीत होतं. उजनीपासून माहीत होतं. तुमच्या तोंडावर नाही म्हणालो कारण पुढचा प्रश्न काय असेल ते मला दिसत होतं. तो तुम्ही आता विचारा. उंबऱ्याच्या आत घेऊ नका, पण विचारा.

आणि अजून एक. तेराव्याच्याच दिवशी तुम्ही कॅमेरा माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "शेवटी काय काढलंय बघा, मला कळत न्हाई त्यातलं." मी बघितलं आणि सांगितलं, काही नाही, रिकामंच आहे. तेही खोटं. लांबचं नीट दिसेनासं झालं की तो फोटो काढायचा आणि पडद्यावर मोठा करून बघायचा, हे वर सांगायचं राहिलं. कॅमेऱ्यात शेवटचे तीन फोटो रस्त्याचे आहेत, दहा-दहा मिनिटांच्या अंतरानं काढलेले. तो चालला होता पूर्वेला, आणि फोटोत सूर्य मावळतोय. तीन वेळा गाडी थांबवून, मागं वळून, त्यानं पिंपळीकडच्या रस्त्याचा फोटो काढला. माझ्यासाठी असा थांबत थांबत गेला नसता तर उजेडात पोचला असता. पहिल्यात सूर्य उसाच्या तुऱ्यांवर आहे, दुसऱ्यात अर्धा. तिसऱ्यात सूर्य नाही, पण कॅमेऱ्यानं उजेड वाढवून घेतलाय, त्यामुळं दोन्हीकडचा ऊस, मैलाचा दगड, पार वळणापर्यंतचा रस्ता लख्ख दिसतो. मी तो फोटो मोठा करकरून बघितलाय, एकेक कोपरा. रस्त्यावर कुणी येत नाहीये.