पासिंगपुरते टायर

लोक मला खुनाच्या तपासांचं विचारतात, आणि मीही सांगतो. पण इतक्या वर्षांनंतर मनातून जात नाही ती मात्र सहा टायरांची चोरी. नावं कुणाचीच घेणार नाही. माणसं हयात आहेत आणि त्याच गावात नांदतात.

तेव्हा मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्ती जवळ आली होती आणि डोकं लवकर तापायचं. अजूनही तापतं, बायको सांगेल. सोमवारी सकाळी हजेरी संपते न संपते तोच कुरुंद्याकडच्या एका गावातला चाळिशीचा ट्रकमालक ठाण्यात आला. हळदीच्या वाहतुकीचा त्याचा धंदा. दोन दिवस नांदेडला लग्नाला गेला होता. परत येऊन बघतो तर आवारातल्या ट्रकचे सहाही टायर आतल्या लोखंडी डिस्कसकट गायब. टायर नवे कोरे. बिल सोबत आणलेलं आणि बिलावर प्रत्येक टायरचा नंबर. इतका तयारीचा तक्रारदार रोज मिळत नाही.

आम्ही जागेची पाहणी करायला गेलो. फाटकाचं कुलूप शाबूत होतं. ट्रक लाकडी ठोकळ्यांवर अगदी समतल उभा केलेला. चाकांचे नट एका पत्र्याच्या डब्यात ऑइल घालून झाकून ठेवलेले. माझा हवालदार म्हणाला, "साहेब, चोर लई टापटिपीचा दिसून राहिला." मी त्याच्यावर खेकसलो आणि टिपण घेऊ लागलो. खरं तर तिथंच थांबायला हवं होतं. चोराला घाई असते. दुसऱ्याची गाडी वाकू नये म्हणून तो ठोकळे शोधत बसत नाही. पाहणी संपल्यावर तक्रारदाराच्या आईनं आम्हाला चहा आणून दिला. सत्तरीच्या घरातली बाई, डोक्यावर पदर. तिला मी एक शब्द विचारला नाही.

दुसऱ्याच दिवशी खबर आली. हिंगोलीत जिथं गाड्यांचं पासिंग होतं, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला सुरक्षित आहे की नाही ते तपासतात, त्या मैदानाबाहेर एक चहावाला बसायचा. डोळा मोठा तयार. फोनवर म्हणाला, "साहेब, इथं एक लांब नाकाची जुनी गाडी लायनीत लागली. गाडी आजोबाची अन् पायात बूट नातवाचे."

आम्ही जीप काढली. ट्रक खरोखरच पुराणा होता, लाकडी बॉडीचा. असे ट्रक मी लहानपणी बाजारात पाहिले होते. टायरांवरचे नंबर बिलाशी ताडले तर सहाही जुळले. स्टिअरिंगवर एक म्हातारा बसला होता. पंचाहत्तरीचा असेल. पांढरं धोतर, डोक्याला रुमाल. तक्रारदाराच्या वडिलांकडं त्यानं उभी हयात ड्रायव्हरकी केली होती, आणि हा जुना ट्रक कित्येक वर्षं त्याच्याच दारात उभा असायचा. गाडीचा नंबर यायच्या आत मी त्याला खाली उतरवलं आणि ठाण्यात आणलं.

आता कबूल करतो, मी त्याच्याशी अरेतुरेत बोललो.

"टायर कुणी काढले?"

"मी काढले. गावातला पंक्चरवाला मजुरीनं लावला व्हता, त्याचा कसूर न्हाई."

"कुलूप कसं उघडलं?"

"किल्ली व्हती."

"कुणी दिली?"

म्हातारा भिंतीकडं बघत राहिला. मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, चोरी माझ्या नावानं लिहून घ्या. म्या अंगठा देतो."

आयुष्यभर मी चोर बघितले. चोर आधी नाही म्हणतो, मग दुसऱ्याचं नाव सांगतो. हा पहिल्या फटक्यात हो म्हणत होता आणि दुसऱ्याचं नाव गिळत होता. म्हातारपणी चोरीचा डाग घ्यायला निघालेला माणूस कुणाला तरी झाकत असतो, एवढं मला कळलं. पण कुणाला, ते कळेना.

गुन्हा नोंदवायचा अजून बाकी होता. जुना ट्रक ताब्यात घ्यायचा म्हणून मी कागदांची पिशवी उघडली. हे काम मी मैदानावरच करायला हवं होतं, पण चोर सापडल्याच्या आनंदात राहून गेलं. नोंदणीच्या कागदावर मालक म्हणून एका बाईचं नाव होतं. आडनाव तक्रारदाराचंच. हवालदार वाकून बघत म्हणाला, "ही तर चहा देणारी माउली."

मी म्हाताऱ्यासमोर कागद धरला. त्याचे डोळे भरून आले. "वैनीचं नाव माझ्या तोंडून कसं निघावं साहेब? तिच्या लेकराच्या घरात तिला खाली बघाय लागंल."

म्हाताऱ्या बाईला ठाण्यात बोलवायचं नसतं. तसा कायदाच आहे. महिला शिपाई सोबत घेऊन मी तिच्या घरी गेलो. मुलगा घरीच होता. आमचं म्हणणं ऐकून घेतल्यावर ती जराही अडखळली नाही.

"व्हय, किल्ली म्याच देली. ड्रायव्हरभाऊला म्याच म्हणलं, टायर घाल अन् गाडी पास करून आण." मग ती माझ्याकडं वळली. "शेत पोराच्या नावानं, घर पोराच्या नावानं. पोरगं गुणाचं हाय, माझी काही तकलीफ न्हाई. पण ह्याचे बाप गेले तवा ह्या गाडीच्या कागदावर माझं नाव लागलं. दुनियेत माझ्या नावाची तेवढी एकच चीज हाय साहेब. अन् हा म्हणला, तिचं पासिंग व्हत न्हाई, महिन्याच्या आखरीला भंगारात देतो."

मुलाचा चेहरा उतरला. "आई, मला काहून न्हाई सांगितलं?"

"सांगितलं की. दोनदा सांगितलं. तू फोनवर बोलून राहिला व्हतास."

तो आईच्या शेजारी जमिनीवर बसला. मग त्यानंच विचारलं, "साहेब, तक्रार माघारी घेतली तर चालंल का?" आईनं दिलेल्या किल्लीनं उघडलेल्या कुलपाची चोरी कसली? मी तसं लिहून घेतलं आणि त्याची सही घेतली. परतल्यावर म्हाताऱ्याला सोडलं. सोडताना मात्र त्याला 'बाबा' म्हणालो आणि माफी मागितली. तो संकोचानं नुसता हात जोडत राहिला.

पण त्याला झापलंसुद्धा. "बाबा, उद्या हे टायर उतरवून जुने गुळगुळीत चढवणार, आणि ब्रेक लागला नाही म्हणजे कुणाच्या पोटात गाडी घालणार?"

"पासिंगपुरते टायर मागून आणायची रीतच हाय साहेब. सगळेच आणतेत."

"रीत असेल, पण खोटी आहे."

हे त्यानं जाऊन त्या माउलीला सांगितलं असावं. तिचा निरोप आला, "साहेबाला म्हणावं, आमी खरं करून आणतो."

आणि केलं त्यांनी. टायर मुलानं नवे घेतले, खास आईच्या गाडीसाठी. म्हाताऱ्यानं ब्रेक खोलले, लाइटची वायर बदलली, मागं चमकणाऱ्या पट्ट्या लावल्या. तपासणारे निरीक्षक कडक होते. पहिल्या वेळी हँडब्रेक उतारावर धरेना म्हणून त्यांनी गाडी नापास केली. मला बरं वाटलं. पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावलं, त्या दिवशी मी रजा टाकून मैदानावर गेलो. मला तिथं काही काम नव्हतं.

ब्रेक धरले. हँडब्रेक धरला. हॉर्न वाजला तेव्हा लायनीतले पोरसवदा ड्रायव्हर हसले. निरीक्षकांनी कागद हातात घेऊन नेहमीच्या आवाजात विचारलं, "गाडीचे मालक कोण?"

बाईनं सवयीनं मुलाकडं बघितलं. मुलगा एक पाऊल मागं सरला. तेव्हा तिनं पदर सारखा केला आणि ती म्हणाली, "मी हाय."

निरीक्षकांनी दाखवली तिथं तिनं सही केली. एकेक अक्षर जपून काढत होती, आणि मागची लायन खोळंबली तरी कुणी घाई केली नाही. म्हातारा ड्रायव्हर रुमालानं डोळे पुसत होता. मीही पुसले. त्यात लाजायचं काय?

या प्रकरणानं मला काय शिकवलं, ते सांगतो. नोकरीभर मी कुठल्याही घरी गेलो की पहिला प्रश्न विचारायचो, "घरात कर्ता कोण?" मग चहा देणाऱ्या माणसाकडं माझी पाठ असायची. त्या दिवशी मैदानावरून घरी आलो. बायको मेथी निवडत होती. मी विचारलं, "तुझ्या नावावर काय काय आहे गं?"

तिला वाटलं, मी थट्टा करतोय. तरी तिनं खरोखर विचार केला. बराच वेळ केला.

"गॅसचं कार्ड आहे की," ती म्हणाली आणि पुन्हा मेथी निवडू लागली.